हिमोफिलसच्या डीएनएतली चार अक्षरं : पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही उपकेंद्रावर बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना 'पेंटा' टोचतात. त्यातल्या पाच रोगांपैकी एक हिब, म्हणजे हिमोफिलस इन्फ्लुएंझा जंतूचा 'बी' प्रकार. इकडे कराड-साताऱ्याच्या महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्राची मुलं लॅम्डा विषाणूचा डीएनए 'हिंड-थ्री' एन्झाइमने कापून जेलवर चालवतात आणि अतिनील दिव्याखाली पट्टे मोजतात. ती कात्रीही याच जंतूची आहे, हे त्यांना आवर्जून सांगायला हवं.

जिवाणू परक्या विषाणूचा डीएनए ओळखून कापतात, पण स्वतःचा का कापत नाहीत, हा जुना प्रश्न. 1962 साली व्हर्नर आर्बर आणि डेझी दुसॉ यांनी दाखवलं की ओळखीची खूण डीएनएवरच असते. ती खूण मिथाइल नावाच्या छोट्या रासायनिक गटाची. हिंड-थ्री डीएनएची रासायनिक अक्षरं ए-ए-जी-सी-टी-टी अशी ओळीने येतात त्या जागी कापतं, जंतूच्या स्वतःच्या डीएनएत त्या जागांवर मिथाइल बसलेलं असतं, म्हणून तो वाचतो. हिमोफिलसमधली अशी पहिली कात्री हॅमिल्टन स्मिथ यांनी 1970 मध्ये वेगळी केली. 1978 चं नोबेल आर्बर, स्मिथ आणि डॅनियल नेथन्स यांना मिळालं.

1995 मध्ये याच जंतूचा संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला गेला : 18,30,137 अक्षरं. स्वतंत्रपणे जगणाऱ्या सजीवाचा हा पहिलाच, आणि त्या चमूतही स्मिथ होतेच. वाचताना काही जनुकांत चार अक्षरांचा एकच तुकडा ओळीने पुष्कळ वेळा आलेला दिसला.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. मिथाइल बसवणाऱ्या 'मॉड' या जनुकातच (हे हिंड-थ्रीच्या जोडीचं नव्हे, वेगळं) अशी ओळ आहे. डीएनएची नक्कल होताना धागा तिथे घसरतो आणि एखादा तुकडा वाढतो किंवा गळतो. जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं, त्यामुळे चार अक्षरं कमी-जास्त झाली की पुढचं सगळं वाचन सरकतं आणि एन्झाइम बनायचं थांबतं. कधी पुढच्या पिढीत ते पुन्हा सुरू होतं. 2005 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल जेनिंग्ज यांच्या गटाने दाखवलं की या एका खटक्यासरशी इतर अनेक जनुकांचं काम बदलतं. एकाच वसाहतीत मग दोन स्वभावांचे जंतू नांदतात.

हिबची लस जंतूच्या साखरेच्या कवचावर बेतलेली आहे. लहान मुलांचा कान फुटण्यामागे बऱ्याचदा असतो तो याच जातीचा कवच नसलेला प्रकार, आणि त्यावर ती चालत नाही. त्याच्यावरच्या लशीसाठी जंतूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन निवडायचं, तर ते या खटक्याने बंद होणारं नाही ना, हे आधी तपासावं लागतं.