कोर्लई: किल्ल्याखालची बोली

अलिबागहून मुरुडकडे निघालं आणि रेवदंड्याचा पूल ओलांडला की उजव्या हाताला समुद्रात शिरलेली डोंगराची सोंड दिसते. सोंडेवर कोर्लईचा किल्ला, पायथ्याशी गाव. लोक दीपगृहापर्यंत गाडी नेतात, पायऱ्या चढतात, तटावर फोटो काढतात आणि परततात. गावातल्या ख्रिस्ती वाडीतलं बोलणं कानावर पडलंच, तर कोकणी असेल असं समजतात. ती कोकणी नव्हे, पोर्तुगीजमधून घडलेली वेगळीच बोली आहे.

मूळ गोष्ट पलीकडच्या चौलची. ग्रीक त्याला ‘सेमुल्ला’ म्हणत, अरब ‘सैमूर’. इतकं ते बंदर जुनं. १५०८ मध्ये चौलच्याच पाण्यात इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवलं, व्हाइसरॉयचा मुलगा त्यात पडला. तरी पोर्तुगीज हटले नाहीत. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने त्यांनी रेवदंड्याला ठाणं बांधलं. पण समोरचा डोंगर ज्याच्या हाती, कुंडलिका नदीचं तोंड त्याच्या हाती. त्यावर निजामशाहीने किल्ला उभारला आणि १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो जिंकून घेतला.

१७३९ मध्ये वसई पडली आणि पुढच्याच वर्षी तहात चौल-कोर्लई मराठ्यांकडे आलं. अंमलदार गेले. मागे राहिली ती इथलीच बाटलेली, गरीब कुटुंबं, चर्चला धरून. आजूबाजूला हिंदू आणि मुसलमान, त्यामुळे सोयरिकी आपापसातच व्हायच्या. माझ्या मते बोली टिकली ती या एकटेपणामुळे. पोर्तुगीजांचं कौतुक वगैरे त्यात काही नाही.

वाडीतले लोक या बोलीला ‘नॉ लिंग’ म्हणतात. पोर्तुगीज ‘नॉसा लिंग्वा’ म्हणजे ‘आपली भाषा’, तेच बोलता बोलता झिजलेलं. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठी: पोर्तुगीज माणूस ‘मी खातो भात’ असं म्हणेल, कोर्लईचा मात्र ‘मी भात खातो’ याच क्रमाने बोलतो. अशी बोली बोलणारे आता जेमतेम हजारभर असतील, आणि तेही घरातच. शाळेत, बाजारात मराठीच चालते.

वेळ असेल तर रेवदंड्याच्या तटातल्या नारळ-पोफळीच्या वाड्या बघाव्यात. पंधराव्या शतकात चौलला उतरलेल्या अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचं स्मारकही तिथेच आहे. चौलचं रामेश्वर मंदिर आणि दत्ताची टेकडीही जवळच. किल्ल्यावरच्या चर्चचं छप्पर केव्हाच गेलंय, नुसत्या भिंती उभ्या आहेत. खाली गावातल्या माउंट कार्मेलच्या चर्चमध्ये अजून गर्दी होते.