कमी ताकदीची होडी: इंजिन बदलण्याआधी काय तपासावं

पाण्याला टेकलेली लांबी ५ मीटर असलेली होडी ताशी १० किलोमीटरच्या आसपास पोचली की अडते. थ्रॉटलची मूठ आणखी पिळली तर आवाज वाढतो, पेट्रोल जास्त जळतं, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर जाते, मागे खळखळाट होतो. वेग मात्र जेमतेम वाढतो. इथे इंजिनाला दोष देण्यात अर्थ नाही. होडी चालताना नाळेशी लाट उठवते आणि वेग वाढतो तशी ही लाट लांब होत जाते. लाटेची लांबी होडीच्या लांबीइतकी झाली की मागची बाजू तिच्या खोलगटात उतरू लागते आणि होडीला स्वतःच उठवलेली लाट चढावी लागते. १८७० च्या दशकात विल्यम फ्रूड यांनी इंग्लंडमधल्या टॉर्की इथे लांबलचक टाकीत जहाजांच्या प्रतिकृती ओढून पाण्याचा हा विरोध मोजला. घरगुती हिशेब सोपा आहे: पाण्यातल्या लांबीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढा आणि ४.५ ने गुणा. ४ मीटरला ताशी ९ किलोमीटर, ५ मीटरला १०.

ही लाट ओलांडायची तर होडीने पाणी कापत जाण्याऐवजी पाण्यावर चढून घसरत जायला हवं. यालाच प्लेनिंग म्हणतात. त्यासाठी तळ मागच्या बाजूला सपाट लागतो आणि दर अश्वशक्तीमागे एकूण वजन साधारण २० ते २५ किलोंच्या आत लागतं. ९.९ अश्वशक्तीचं इंजिन, ९० किलोंची ४ मीटरची हलकी होडी, ४० किलोंचं इंजिन, २० किलोंची भरलेली टाकी आणि ७० किलोंचा एक माणूस मिळून २२० किलो होतात. होडी वर येते. दुसरा माणूस बसला की २९० किलो, आणि तीच होडी नाळ आकाशाकडे करून रखडते. जाळी, बर्फ आणि तिघे माणसं वाहणारी जड फायबरची होडी १० अश्वशक्तीवर कधीच वर येणार नाही. आपली होडी या दोहोंपैकी कुठे बसते हे आधी ठरवावं, कारण पुढचे बरेच उपाय दोन्हींसाठी वेगळे आहेत.

अंदाजाने काही बदलू नये. स्पार्क प्लगच्या वायरीभोवती चार-पाच वेढे देऊन बसवायचा, इंजिनाच्या फेऱ्या मोजणारा स्वस्त टॅकोमीटर आणि मोबाइलमधला जीपीएस एवढं पुरतं. चार स्ट्रोकच्या बऱ्याच आउटबोर्डमध्येही, म्हणजे होडीच्या मागे टांगायच्या इंजिनांमध्येही, प्रत्येक फेरीला ठिणगी पडते. मीटरचं सेटिंग चुकलं तर आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसतो. खाडीत प्रवाह असतोच, म्हणून त्याच पट्ट्यात एकदा प्रवाहाबरोबर आणि एकदा विरुद्ध पूर्ण थ्रॉटलने जाऊन वेगाची सरासरी काढावी. एका वेळी एकच बदल करावा.

पहिला बदल फुकटचा आहे: वजन पुढे न्या. छोट्या होडीत इंजिन मागे, टाकी मागे, चालवणाराही मागे, आणि गळतीचं पाणीही वाहत मागेच जमतं. ५० लिटर पाणी म्हणजे ५० किलोंहून थोडं जास्त, तेही नेमकं नको तिथे. आधी ते उपसा. टाकी होडीच्या मध्यावर नेऊन बांधा, नांगर आणि दोर नाळेत ठेवा. चालवणाऱ्याला अर्धा-पाऊण मीटर पुढे सरकता यावं म्हणून थ्रॉटलच्या मुठीला लांब दांडा लावतात. पीव्हीसी पाइप घट्ट क्लॅम्पने बसवला तरी चालतो. फक्त दांडा लावल्यावर इंजिन बंद करणारी लाल दोरी मनगटापर्यंत पोचते ना, हे पाहा. ती न बांधता दांड्याने होडी चालवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. जड, पाणी कापत जाणाऱ्या होडीत वजन असं विभागावं की ट्रान्समची, म्हणजे मागच्या आडव्या फळीची, खालची कडा पाण्याच्या पातळीला जेमतेम टेकेल. ती खोल बुडाली की मागे भोवरे उठतात आणि होडी ते ओढत राहते.

यानंतर इंजिनाची उंची. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वर इंजिनाच्या पाण्यात उतरणाऱ्या पायाला एक आडवी पट्टी असते. ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा फार तर अडीच सेंटिमीटर खाली हवी. छोट्या शाफ्टच्या, म्हणजे आखूड पायाच्या, इंजिनाला ट्रान्सम साधारण ३८ सेंटिमीटर उंच लागतो, लांब शाफ्टला ५१. लांब शाफ्टचं इंजिन बुटक्या ट्रान्समवर टांगलं की साधारण १३ सेंटिमीटर जास्तीचा पाय पाण्यात ओढला जातो. कमी ताकदीच्या इंजिनाला हे ओझं परवडत नाही. ट्रान्समवर टणक लाकडाची पट्टी बसवून इंजिन एकेक सेंटिमीटर वर घ्या आणि प्रत्येक वेळी वळण घेऊन पाहा. वळताना फेऱ्या एकदम उसळून वेग पडला तर पंखा पृष्ठभागावरची हवा ओढतोय. एक पायरी खाली या. पट्टी बसवल्यावर क्लॅम्पचे स्क्रू पुन्हा आवळा आणि इंजिनाला साखळी लावा. तळाला मध्यभागी जाड कील, म्हणजे लांबीभर गेलेली उभी पट्टी, असेल तर तिच्यामागचं ढवळलेलं पाणी पंख्यावर येतं, आणि तिथे इंजिन थोडं खालीच ठेवावं लागतं.

इंजिनाच्या कलाचं, म्हणजे तिरपेपणाचं, काम लवकर आटोपतं. ब्रॅकेटमध्ये चार-पाच भोकं आणि एक पिन असते. नाळ वर राहात असेल तर पिन ट्रान्समच्या जवळच्या भोकात, होडी नाळ पाण्यात खुपसून एका बाजूला ओढत असेल तर लांबच्या भोकात. वेगात होडी डुचमळत उड्या मारू लागली तरी पिन जवळच घ्यायची.

पंख्यावर दोन आकडे असतात, व्यास आणि पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे घट्ट पदार्थात फिरल्यासारखा पंखा एका फेरीत किती पुढे गेला असता ते अंतर. ९ इंची पिच, इंजिनाच्या मिनिटाला ५५०० फेऱ्या आणि २.०८ गिअर गुणोत्तर धरलं तर हिशेबाने वेग ताशी ३६ किलोमीटर येतो. प्रत्यक्षात २७ मिळाला तर स्लिप, म्हणजे पाण्यात घसरून वाया गेलेला भाग, २५ टक्के, आणि हलक्या होडीला ते ठीक आहे. खरी कसोटी फेऱ्यांची. पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलच्या फेऱ्यांची मर्यादा दिलेली असते, उदाहरणार्थ ५००० ते ६०००. नेहमीच्या ओझ्यासह इंजिन ४२०० वरच अडकलं तर पिच जास्त आहे, आणि इंजिन छापलेली अश्वशक्ती देतच नाही. शिवाय असं दमवत चालवल्याने कार्बन साचतो आणि पिस्टनवर ताण येतो. पिच एक इंच कमी केला की फेऱ्या साधारण २०० ने वाढतात. जड होडीला मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा पंखा हवा. विकत घेताना इंजिनाबरोबर आलेला पंखा बहुधा हलक्या होडीचा असतो. पात्यांच्या कडांना पडलेले खाचे कानशीने सारखे करा. पंखा काढलाच आहे तर शाफ्टवर जाळ्याचा धागा गुंडाळलाय का पाहा. तो सील कापतो आणि गिअरचं तेल दुधाळ होतं.

फेऱ्या वाढतात पण होडी जोर धरत नाही, असं झालं तर पंख्यातलं रबर सुटलेलं असू शकतं. आतल्या धातूच्या नळीपासून बाहेरच्या पिंपापर्यंत रंगाची सरळ रेघ मारा, पूर्ण थ्रॉटलने फिरून या. रेघ तुटलेली दिसली तर पंखा बदला. इंजिन बंद असताना मूठ पूर्ण पिळून कार्बोरेटरचं पातं पूर्ण उघडतं ना, हेही पाहा. केबल ढिली असेल तर बरीच ताकद तिथेच हरवते. पाच-दहा मिनिटांनी इंजिन घरघरून बंद पडत असेल तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा राहिलेला असतो. पंपावरच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे ऊर्जा थोडी कमी असते, आणि इथेनॉल पाणी शोषतं. टाकीत महिनोन्‌महिने राहिलेलं पेट्रोल वापरू नये, जुन्या रबरी नळ्या बदलाव्यात.

तळावर शेवाळ आणि शंखजीव चिकटले की वर केलेलं सगळं वाया जातं. तळ खरवडून रंगवताना तांब्याचा रंग इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पायाला लावू नका, खाऱ्या पाण्यात तो पाय खातो. प्लेनिंगच्या होडीत मागच्या दीड मीटरला सरळ पट्टी लावून पाहा. तळ तिथे बाहेर फुगलेला असेल तर होडी उड्या मारते, आत दबलेला असेल तर नाळ खाली दाबली जाते.

इंजिनाच्या आडव्या पट्टीला लावायचे पंख बाजारात मिळतात. ते मागची बाजू उचलतात हे खरं, पण स्वतःही पाणी ओढतात. वजन आणि उंची जुळवल्यावर त्यांची गरज बहुतेकदा उरत नाही.

जड होडीवाल्याने मात्र वेगाचा हट्ट सोडावा. लागणारी ताकद वेगाच्या घनाने किंवा त्याहूनही जलद वाढते. ताशी १० ऐवजी ८ किलोमीटरने गेलं तर निम्मी ताकद पुरते. १० किलोमीटरला १५ मिनिटं जास्त लागतात, पण पेट्रोल साधारण एक तृतीयांश वाचतं. खाडीत ताशी ३ किलोमीटरची ओहोटी विरुद्ध असेल तर याच वेगाने हेच अंतर काटायला दोन तास लागतात, सोबत असेल तर ५५ मिनिटं.