ई-20 पेट्रोल आणि तुमची कार्ब्युरेटरवाली बाईक

पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये आता सुमारे 20 टक्के इथेनॉल असते, म्हणून त्याला ई-20 म्हणतात. जून 2022 मध्ये देशात इथेनॉलचे प्रमाण 10 टक्क्यांवर पोहोचले होते. एप्रिल 2023 नंतर बनलेल्या गाड्यांचे रबर-धातूचे भाग ई-20 ला चालतील असेच बसवले जातात. त्याआधीच्या, आणि त्यातही कार्ब्युरेटरच्या (हवा-पेट्रोल मिसळणारा साधा भाग), बाईक-स्कूटरकडे मात्र लक्ष द्यावे लागते.

धूर कमी होतो का?

होतो. इथेनॉलमध्येच ऑक्सिजन असल्याने पेट्रोल जास्त पूर्ण जळते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालानुसार, इथेनॉल नसलेल्या पेट्रोलच्या तुलनेत ई-20 वर दुचाकीचा कार्बन मोनॉक्साइड (सीओ) निम्म्याने आणि हायड्रोकार्बन (एचसी, म्हणजे न जळलेले पेट्रोल) सुमारे 20 टक्क्यांनी घटतो. नायट्रोजन ऑक्साइडमध्ये ठाम फरक दिसत नाही आणि ॲसिटाल्डिहाइड हे दुसरे प्रदूषक थोडे वाढते.

पीयूसीच्या कागदावर सीओ कमी आला म्हणून ट्यूनिंग बरोबर आहे असे समजू नका. ई-20 ला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते: एक किलोला साधारण साडेतेरा किलो, साध्या पेट्रोलला 14.7. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हा फरक सांभाळून घेतो. कार्ब्युरेटरला ते कळत नाही, मिश्रण पातळ होते, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी पडते. मग सकाळी चोक जास्त वेळ लागतो, पिकअप घेताना गाडी अडखळते, इंजिन तापते. मिश्रण फारच पातळ झाले तर मिसफायर होतो, म्हणजे मिश्रण न पेटताच बाहेर जाते. त्या वेळी सीओ कमीच राहतो, पण एचसी वाढतो. म्हणून दोन्ही आकडे पाहा.

उपाय सोपा आहे. इंजिन दहा मिनिटे चालवून गरम करा आणि कार्ब्युरेटरवरचा मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवा. एअर फिल्टरच्या बाजूचा स्क्रू आत घेतला की मिश्रण दाट होते. इंजिनाच्या बाजूचा असेल तर बाहेर काढल्यावर. मोठ्या वेगातही गाडी अडखळत असेल तर मेन जेट (कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा मुख्य छिद्राचा भाग) एक नंबर मोठा लागतो.

ॲव्हरेज

एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश ऊर्जा असते. 50 किलोमीटर देणारी बाईक ई-10 वरून ई-20 वर आली की दीड-दोन किलोमीटर कमी देईल. दहा किलोमीटरचा फरक पडला असेल, तर आधी टायरमधली हवा, घासणारे ब्रेक आणि क्लच तपासा.

खरा शत्रू पाणी

इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात, आणि कॉक (टाकीचा पेट्रोलचा नळ) नेमका तिथूनच घेतो. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही घसरतो. पावसाळ्यात टाकीचे झाकण, त्याचे रबर आणि पाणी निचरणारे छिद्र नक्की पाहा.

फ्लोट बाउलचा (कार्ब्युरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) ड्रेन स्क्रू उघडून 50 मिली पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या, दहा मिनिटे ठेवा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करावी लागेल. काही जण पेट्रोलमध्ये स्वतः पाणी ओतून हलवतात आणि खालचा थर वाढला की भेसळ आहे म्हणतात, पण ती चाचणी भेसळ दाखवत नाही. 50 मिली पेट्रोलला 50 मिली पाणी घातले तर खालचा थर साधारण 60 वर जातो, कारण आतले 10 मिली इथेनॉल पाण्यात उतरते. ई-20 मध्ये हे व्हायचेच.

रबर आणि फिल्टर

जुन्या नळ्या, ओ-रिंग आणि कॉकचे पडदे फुगतात किंवा चिरतात. नळी बोटांनी दाबा. चिकट, मऊ किंवा भेगाळलेली वाटली तर ई-20 ला चालणारी बसवा, ओ-रिंग व्हायटॉनच्या (इथेनॉलला टिकणारे रबर) घ्या. इथेनॉल जुना गाळ सोडवते, म्हणून पहिल्या काही टाक्यांनंतर फिल्टर बदला. "इथेनॉल काढून टाकणारे" औषध घेऊ नका, असे कोणतेही औषध इथेनॉल काढू शकत नाही.

महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, कॉक बंद करा आणि बाउल रिकामा करा. टाकीत पाणी गेल्याची शंका आली तर किक मारत राहू नका. कॉक बंद करून गाडी ढकलत गॅरेजवर आणा.