अर्पणाची थैली आणि दुष्काळ

रविवारची उपासना निम्म्यावर आली की गीत सुरू होतं आणि ओळीओळीतून थैली फिरू लागते. आईने घरून निघतानाच मुठीत दिलेलं नाणं पोरं घामेजल्या हाताने तिच्यात टाकतात. हा पैसा कशासाठी असं विचारलं, तर बहुतेक जण पाळकांचा पगार, विजेचं बिल, पावसाळ्यात गळणारं छप्पर असंच काहीतरी सांगतील. पण ही प्रथा पडली तेव्हा ख्रिस्ती लोकांकडे गळायला छप्परच नव्हतं. ते एकमेकांच्या घरी जमत. थैली सुरू झाली ती दुष्काळामुळे.

बायबलच्या नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात ती हकिकत आहे. रोमचा सम्राट क्लौद्य कैसर याच्या काळात, म्हणजे इ. स. ४१ ते ५४ च्या दरम्यान, यहूदियात, म्हणजे यरुशलेमेच्या परिसरात, अन्नान्नदशा झाली. अगब नावाच्या संदेष्ट्याने ती आधीच सांगितली होती. तेव्हा सिरियातल्या अंत्युखियाच्या शिष्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे गोळा केले आणि बर्णबा व शौल यांच्या हाती पाठवले. देणाऱ्यांत बिगरयहूदी बरेच होते आणि घेणारे यहूदी. एका पंगतीला बसावं की नाही यावरून ज्यांच्यात वाद चालू होते, त्यांच्यातला हा व्यवहार.

हाच शौल पुढे पौल म्हणून यरुशलेमेतल्या गरिबांसाठी कित्येक वर्षं वर्गणी गोळा करत राहिला. करिंथकरांना, म्हणजे ग्रीसमधल्या करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला, त्याने लिहिलं की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावं, म्हणजे मी आल्यावर धावपळ नको. रविवार आणि पैसा यांची गाठ इथे पडली. मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः दारिद्र्यात असताना कशा देतात, हेही तो करिंथकरांना ऐकवतो, जरा टोचूनच. ‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो’ हे वाक्य त्याच पत्रव्यवहारातलं. पैसे नेताना मात्र तो मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतो, उगाच कोणी बोट दाखवू नये म्हणून. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या आणि नवव्या अध्यायांत त्याने या वर्गणीवर इतकं लिहिलं, पण तिथे दशमांशाचा, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्याचा, उल्लेख एकदाही नाही. हल्लीच्या काही उपदेशकांनी हे दोन अध्याय सलग वाचावेत.

अर्थात ही कल्पना काही पौलाची नव्हे. यहूदी नियमशास्त्रात शेताच्या कडेचं पीक कापायचं नाही, गळालेली कणसं वेचायची नाहीत. ती गरिबाची आणि परक्याची. आपल्याकडे कापणीनंतर शेतात पडून राहिलेलं धान्य म्हणजे सरवा, आणि मराठी बायबलात रूथ वेचते तोही सरवाच. दर तिसऱ्या वर्षीच्या दशमांशावर लेवी (मंदिराची सेवा करणारा वंश), उपरी, अनाथ आणि विधवा यांचा हक्क होता. ‘त्सदाका’ या हिब्रू शब्दात दान आणि न्याय दोन्ही आहेत. उपकाराची भाषा तिथे नाही.

दुसऱ्या शतकात रोममध्ये जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या सभेचं वर्णन लिहून ठेवलं, साधारण इ. स. १५५ मध्ये. ज्याला इच्छा असेल त्याने द्यावं, ते अध्यक्षाकडे जमा व्हावं आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परगावच्या माणसांची सोय व्हावी. चाळीसेक वर्षांनी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन अशीच यादी देतो. तिच्यात गरिबांचं दफन आहे, म्हातारे झालेले गुलाम आहेत, जहाज फुटून किनाऱ्याला लागलेले आहेत, खाणीत शिक्षा भोगणारेही आहेत.

मग पुन्हा दुष्काळ. इ. स. ३६९ च्या सुमारास कप्पदुकियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) कैसरियात धान्य महागलं आणि व्यापाऱ्यांनी कोठारं बंद केली. तिथला धर्मगुरू बासिल याने प्रवचनांत त्यांची हजेरी घेतली : तुझ्या कोठीतली भाकर भुकेल्याची आहे, पेटीतलं वस्त्र उघड्याचं आहे. पुढे त्याने शहराबाहेर आजारी, निराधार आणि वाटसरू यांच्यासाठी मोठी वसाहत उभी केली. इस्पितळांच्या इतिहासात तिचं नाव हमखास येतं.

पण देण्याबरोबर संशयही आला. बासिलच्या काही वर्षं आधी सम्राट जूलियनने (तो रोमचे जुने देव परत आणू पाहत होता) आपल्या पुरोहिताला तक्रारवजा लिहिलं की हे गालीली लोक (ख्रिस्ती लोकांना तो असंच म्हणे) त्यांच्या गरिबांना तर पोसतातच, आपल्याही पोसतात. दुसऱ्या एका पत्रात तो त्यांची तुलना खाऊ दाखवून मुलांना पळवणाऱ्यांशी करतो. हा आरोप आपल्याला ओळखीचा वाटावा.

मधल्या हजारेक वर्षांचं थोडक्यात सांगतो, कारण ती फारशी सुखाची नाहीत. इ. स. ५८५ मध्ये गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) माकों इथल्या धर्मसभेने दशमांश न देणाऱ्याला बहिष्कृत करायचं ठरवलं. ७७९ मध्ये फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याने तो राज्याच्या कायद्यात आणला. देणं ही वसुली झाली, आणि पुढे तर कितीतरी गावांचा दशमांश जमीनदारांच्या खिशात जाऊ लागला. फ्रान्समध्ये तो १७८९ च्या क्रांतीत गेला. आयर्लंडमध्ये १८३० च्या दशकात त्यावरून रक्त सांडलं, कारण तिथल्या कॅथलिक शेतकऱ्याला परक्या, अँग्लिकन चर्चसाठी तो भरावा लागे.

महाराष्ट्रात प्रॉटेस्टंट मिशन आलं ते हे सगळं मागे टाकू पाहणाऱ्या, स्वेच्छेच्या वर्गणीवर चालणाऱ्या लोकांचं. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. अहमदनगरचं काम १८३१ चं. इथेही दुष्काळ आडवा आलाच : १८७६ ते ७८, मग १८९६-९७, लगेच १८९९-१९००. दुष्काळकामं, धान्यवाटप, अनाथ मुलांची वसतिगृहं. त्याबरोबर बाप्तिस्मे आणि ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा. टोमणा मारणाऱ्यांना जूलियन ठाऊक नव्हता, पण वाक्य त्याचंच. भुकेल्याच्या निर्णयात भूक नव्हतीच असं म्हणणं खोटेपणाचं होईल. मात्र ज्यांना गावात पाण्यालाही शिवू देत नव्हते त्यांच्या निर्णयात फक्त भूकच होती, हेही मला पटत नाही.

पंडिता रमाबाईंच्या कामात हा सगळा इतिहास एकवटलेला दिसतो. दुष्काळाने त्यांचे आईवडील त्यांच्या किशोरवयातच नेले होते. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा काढली ती बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनच्या बळावर. ठिकठिकाणच्या मंडळांतल्या सभासदांनी वर्षाला एक डॉलर, असं दहा वर्षं द्यायचं कबूल केलं होतं. म्हणजे पौलाचीच पद्धत : थोडं, नियमित, दूरच्या अनोळखी माणसासाठी. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्याजवळच्या केडगावला ‘मुक्ती’ हे आश्रयस्थान उभं राहिलं ते त्यांच्यासाठी. घेणारे आणि देणारे यांच्यातली रेघ इथे पुसट होते. दुष्काळात वाचलेली पोर दुष्काळातल्या बायकांना वाचवत होती.

मराठी मंडळ्यांत दशमांशापेक्षा मला जास्त जिवंत वाटतो तो सुगीचा सण. त्याचं आजचं रूप इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचं. मॉर्वेन्स्टोच्या हॉकर नावाच्या पाळकाने १८४३ मध्ये ते सुरू केलं. पण इथल्या मातीत ते असं मुरलंय की परकं वाटत नाही. वेदीपाशी ज्वारीची कणसं, भोपळे, केळीचा घड, पाय बांधलेली कोंबडी. उपासनेनंतर लिलाव. बाजारात वीस रुपयांना मिळणाऱ्या भोपळ्यावर दोनशेची बोली लागते. कधी बोली जिंकणारा पैसे भरून वस्तू परत टेबलावर ठेवतो, आणि तोच भोपळा पुन्हा लिलावाला निघतो.