एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून?

‘सलग २१ दिवस केलं की सवय लागते, मध्ये एक दिवस चुकला की मोजणी शून्यावर.’ यातलं काहीच खरं नाही. २१ चा आकडा प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांचा. १९६० साली त्यांनी लिहिलं, की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. पुढे ‘किमान’ गळालं, आणि चेहराही! युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला अंदाजे २५४. एखाद्या दिवसाच्या खाड्याने फारसा फरक पडला नाही. तापाने फणफणलात, रोजची खूण करता त्या वहीतला एक चौकोन कोरा राहिला, राहू दे. त्या चौकोनाच्या रागाने वहीच कपाटात जाते, घोळ तिथे होतो.