गोळी, चमचा आणि चुन्याची पुडी

गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून लोहाच्या ज्या लाल गोळ्या मिळतात, त्यांवर साखरेचं आवरण असतं. दोन वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने ती आणि रंगीत चॉकलेटची गोळी यांत काहीच फरक नाही. चाटून पाहिली तरी आधी गोडच लागते. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह, म्हणजे दहा गोळ्यांच्या पट्टीत ६००. दहा किलो वजनाच्या मुलाने पट्टी फस्त केली तर वजनाच्या किलोमागे ६० मिलिग्रॅम लोह पोटात गेलं. किलोमागे २० मिलिग्रॅमच्या पुढे उलट्या-जुलाब सुरू होतात आणि ६० ओलांडले की जिवाला धोका, असा डॉक्टरांचा ढोबळ हिशेब आहे.

खरी फसगत पुढे होते. पहिले पाच-सहा तास उलट्या होतात, पोट दुखतं. मग मूल शांत होतं, कधी खेळायलाही लागतं. ‘निघालं सगळं बाहेर’ म्हणून घरचे सुटकेचा श्वास टाकतात. प्रत्यक्षात लोह तोवर रक्तातून पेशींत शिरलेलं असतं. दुसऱ्या दिवशी रक्तदाब कोसळू शकतो आणि दोन-तीन दिवसांत यकृत निकामी होऊ शकतं. म्हणून मूल बरं दिसत असलं तरी रुग्णालय गाठायचंच, आणि जाताना रिकामी पट्टी सोबत न्यायची. किती गोळ्या गेल्या हे डॉक्टरांना पट्टीवरूनच कळतं.

हीच गोळी आईचं रक्त वाढवते. ‘औषध चांगलं, विष वाईट’ असं मुलांना शिकवलं जातं ते इथेच तोकडं पडतं. शिकवायची असते ती मात्रा: किती, कुणाला, किती वाजता.

चार-पाच वर्षांच्या मुलाला मात्रा कळत नाही, त्याला एकच नियम पुरतो: औषध मोठ्यांच्या हातूनच घ्यायचं. हा नियम मोडतो तो बहुधा मोठ्यांमुळेच. कडू गोळी गळी उतरवायला ‘हे बघ, चॉकलेट आहे’ म्हणणं ही आपल्या घरांतली फार जुनी खोड. आज ती सोपी वाटते, पण उद्या उघडा डबा हाती लागला की मूल चॉकलेटच शोधतं. औषधाला औषधच म्हणावं, कडू असेल तर कडू आहे असं सांगावं आणि वर गुळाचा खडा द्यावा. डबा फ्रिजवर ठेवून भागत नाही. स्टूल ओढता येणारं मूल फ्रिजपर्यंत पोहोचतं, तेव्हा कडीकुलूपच हवं. दिवाळीत, मे महिन्यात आजी-आजोबा राहायला आले की त्यांची औषधाची पिशवी उशाशी असते, ती विसरू नका. आजोबांची मधुमेहाची ग्लिमेपिराइडची एक गोळीसुद्धा लहान मुलाची रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते, तीही लगेच नव्हे तर काही तासांनी.

शाळेत औषधाचा धडा आयता चालून येतो. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला जंताची गोळी मिळते, ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोल. ती चावूनच खायची, कारण अख्खी गिळताना लहान मुलाच्या घशात अडकू शकते. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी असते. ती जेवणानंतर घ्यायची, आणि वर लगेच चहा नको, कारण चहातली टॅनिन लोहाला धरून ठेवतात. दुसऱ्या दिवशी शौचाला काळं झालं तर घाबरायचं कारण नाही. गोळी हातावर ठेवून पुढे सरकण्याऐवजी बाईंनी ही तीन वाक्यं बोलली, तरी मुलांना औषधामागे कारण असतं हे कळतं.

पाचवी-सहावीच्या वर्गात एक प्रयोग जरूर करावा. मुलांना घरून चहाचे चमचे आणायला सांगा. मेडिकलमधून ५ मिलिलिटरची, सुई नसलेली सिरिंज आणा. प्रत्येक चमचा पाण्याने काठोकाठ भरायचा, सिरिंजने ओढून घ्यायचा आणि आकडा फळ्यावर लिहायचा. कुणाचा चमचा अडीच मिलिलिटरचा निघेल, कुणाचा सातचा. बाटलीवर लिहिलेला चमचा मात्र ५ मिलिलिटरचाच असतो. सातच्या चमच्याने औषध पाजणारी आई प्रत्येक वेळी ४० टक्के जास्त देते, अडीचवाली निम्मंच. ताप का उतरत नाही याचं उत्तर कधीकधी स्वयंपाकघराच्या खणात सापडतं!

आठवीच्या पुढे गणित करून घ्यावं. पॅरासिटामॉल साधारणपणे किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत एका वेळी देतात, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर आणि चोवीस तासांत जास्तीत जास्त चार डोस. बारा किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम झाले. आता कपाटात पाहा: एका सिरपमध्ये ५ मिलिलिटरमागे १२० मिलिग्रॅम, दुसऱ्यात तेवढ्यातच २५०, आणि तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये दर मिलिलिटरला १००. तेच १८० मिलिग्रॅम पहिल्या बाटलीतून साडेसात मिलिलिटर, दुसऱ्यातून जेमतेम ३.६, तर ड्रॉप्समधून १.८ मिलिलिटर. ‘डॉक्टरांनी साडेसात सांगितलंय’ एवढंच लक्षात ठेवून ड्रॉप्स साडेसात मिलिलिटर पाजले, तर ७५० मिलिग्रॅम गेलं, चौपटीहून जास्त. ड्रॉप्स लहान बाळांचे म्हणजे सौम्य असणार, हा समज नेमका उलटा आहे. बाळाला थोडंसंच पाजता यावं म्हणून ते दाट केलेले असतात. त्यात सर्दीच्या मिश्र सिरपमध्येही पॅरासिटामॉल असतं. दोन बाटल्या, नावं वेगळी, औषध एकच. म्हणून बाटलीवरचं मोठं नाव सोडून खालची बारीक अक्षरं वाचायला मुलांना शिकवायचं.

जादा पॅरासिटामॉलचं काय होतं? यकृत ते मोडताना थोडा विषारी पदार्थ तयार होतो आणि ग्लुटाथायोन नावाचं रसायन तो निकामी करत राहतं. ग्लुटाथायोन संपलं की तोच पदार्थ यकृताच्या पेशी मारू लागतो. पहिल्या दिवशी बाहेरून फारसं काही दिसत नाही. उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन, आणि तो आठ तासांच्या आत मिळाला तर यकृत बहुधा वाचतं.

अशा वेळी मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं हा घरगुती उपाय कटाक्षाने टाळावा. मिठाने रक्तातलं सोडियम वाढून मूल आणखी धोक्यात येतं. बाटली, उरलेलं औषध आणि घेतल्याची वेळ एवढं सोबत घ्यायचं आणि १०८ ला फोन करायचा.

बाटली न वाचण्याचं उदाहरण महाराष्ट्रानेच पाहिलं आहे. ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात पल्स पोलिओच्या दिवशी बारा मुलांना डोसाऐवजी हातावर चोळायचं सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं बचावली. मात्रा थेंबांची होती म्हणून निभावलं. ७० टक्के अल्कोहोलच्या सॅनिटायझरचे दोन चहाचे चमचे, म्हणजे १० मिलिलिटर, दहा किलोच्या मुलाच्या पोटात गेले तर साडेपाच ग्रॅम अल्कोहोल झालं. मुलाच्या अंगात सुमारे सहा लिटर पाणी धरलं तर रक्तात १०० मिलिलिटरमागे ९० मिलिग्रॅमच्या आसपास. मोटार चालवणाऱ्याला कायद्याने ३० ची मर्यादा आहे. शिवाय लहान मुलाच्या यकृतात साखरेचा साठा थोडा असतो आणि अल्कोहोल नवी साखर बनवणं थांबवतं. त्यामुळे मूल झिंगलेलं दिसतं तेव्हा साखर उतरून झटके येण्याचाही धोका असतो.

म्हणून सर्दी झाली की बाळाच्या छातीला ब्रँडी चोळणं किंवा गोव्याकडे चमचाभर फेणी देणं, या उपायांना आता रजा द्यावी. अल्कोहोल तान्ह्या बाळाच्या नाजूक कातडीतून आणि श्वासातूनही आत जातं, आणि सर्दीवर त्याचा उपयोग काही नाही.

मोठ्या मुलांच्या तोंडी वेगळंच वाक्य असतं: ‘बिअर म्हणजे काही दारू नाही.’ याला उपदेशाने नव्हे, गुणाकाराने उत्तर द्यावं. ६५० मिलिलिटरची, ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे ५२ मिलिलिटर अल्कोहोल. त्याची घनता ०.७९, म्हणून वजन सुमारे ४१ ग्रॅम. व्हिस्की ४२.८ टक्क्यांची असते, ३० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये दहा ग्रॅम. म्हणजे एक बाटली आणि चार पेग बरोबरीचे. प्रौढ माणसाचं यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम जाळतं, तेव्हा ही एक बाटली उतरायला चार ते सहा तास. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची अंघोळ, यांनी यकृताचा वेग तसूभरही वाढत नाही. महाराष्ट्रात बिअरला वयाची अट २१ आणि कडक दारूला २५ आहे. मित्र पिऊन बेशुद्ध पडला तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून उताणा सोडायचा नाही. उलटी श्वासनलिकेत जाऊन माणूस जातो. कुशीवर वळवायचं, जवळ बसायचं आणि १०८ ला फोन करायचा. घरच्यांच्या बोलण्यांच्या भीतीने मुलं फोन करत नाहीत, म्हणून ‘आधी फोन, बोलणी नंतर’ हे घरात आधीच सांगून ठेवलेलं बरं.

तंबाखूचा धडा आपल्याकडे फार उशिरा येतो. २०१९ च्या देशव्यापी पाहणीत १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के तंबाखू वापरत होते, आणि धूरविरहित तंबाखू वापरून पाहिलेल्यांपैकी निम्म्यांनी ती दहाव्या वाढदिवसाआधीच चाखली होती. सातवीत कॅन्सरचे फोटो दाखवून काय साधणार? बारा वर्षांच्या मुलाला पन्नाशीतला आजार म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट. त्याला आजचं काहीतरी दाखवावं लागतं.

हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेला कागद घ्या. चुना पाण्यात कालवून, निवू देऊन वरची निवळी घ्या. कागदावर थेंब टाकला की तो लालबुंद होतो. हळदीचं कुंकू होतं ते असंच. चुना अल्कधर्मी आहे, एवढंच हळद सांगते. आता तळहातावर तंबाखू मळताना तोच चुना का लागतो? निकोटीनचा रेणू साध्या तोंडात, म्हणजे पीएच (आम्ल-अल्क मोजायचा आकडा, जितका जास्त तितकं अल्कधर्मी) ७ च्या आसपास, बहुतांश विद्युतभारित असतो आणि भारित रेणू गालाच्या तेलकट पडद्यातून सहज जात नाही. तेव्हा जेमतेम ९ टक्के निकोटीन मोकळं, म्हणजे भाराविना असतं. चुन्याने पीएच ९ झाला की तेच ९१ टक्के मोकळं होतं आणि भराभर रक्तात शिरतं. तंबाखू तीच, पण मेंदूला बसणारी धडक कित्येक पट. तलफ लागते ती या धडकेची. आपल्याला अडकवण्यासाठीचं रसायनशास्त्र एवढं साधं आहे हे कळलं, की मुलं चिडतात. ती चीड फोटोपेक्षा उपयोगी.

निवळी मोठ्यांनीच बनवावी. चुन्याची मऊ पुडी मुलं दाबून खेळतात, ती फुटते आणि पिचकारी थेट डोळ्यात. बुबुळ जळून कायमची दृष्टी गेलेली मुलं नेत्रतज्ज्ञ पाहत आले आहेत. असं झालं तर डोळा चोळायचा नाही; दूध, तूप, गुलाबपाणी काही नको. पापण्या उघड्या धरून नळाच्या धारेखाली किमान पंधरा ते वीस मिनिटं धुवायचा, पापणीआडचे कण काढायचे आणि मगच गाडी काढायची. आधी दवाखाना, मग धुणं, असा क्रम झाला तर डोळा हातचा जातो.

‘यात तंबाखू नाही’ म्हणून शाळेबाहेर खपणारी गोड सुपारीही निरुपद्रवी नाही. सुपारी स्वतःच कर्करोगकारक म्हणून नोंदली गेली आहे. तिच्यातल्या अरेकोलीनमुळे गालाच्या आतली त्वचा तंतुमय होत जाते, तिखट झोंबू लागतं आणि जबडा उघडेनासा होतो. आरशासमोर आपलीच तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, उभी जुळवून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. तिन्ही जायला हवीत. दोनच जात असतील तर दंतवैद्याकडे. बसलेलं तंतुमय जाळं पुरतं मोकळं होत नाही, पण सुपारी थांबली की वाढ रोखता येते.

मशेरी घरात असेल तर मुलाला वेगळं शिकवून उपयोग नाही. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली ती पूड म्हणजे तंबाखूच. दात दुखायचा थांबल्यासारखा वाटतो आणि दात मात्र किडत राहतो. लेकरू आजीच्या बोटाला लागलेली पूड चाखतं, तिथून सुरुवात होते. मुलाला टपरीवर तंबाखूची पुडी आणायला पाठवणं हा दुसरा रस्ता. अठराखालच्याला तंबाखू विकणं २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे, ‘बाबांसाठी हवी’ असं मूल म्हणालं तरीही. शाळेपासून १०० यार्डांत विक्रीच नको. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गुटखा तर राज्यात २०१२ पासूनच बंद, कागदावर तरी.

कॉलेजच्या वयात धडा पुन्हा गोळीपाशी येतो. संभाजीनगरात ‘बटन’ आणि मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणतात ती झोपेच्या, चिंतेच्या औषधांची पट्टीच असते, बहुधा अल्प्राझोलाम. ती दारूबरोबर गेली की दोन्ही मिळून श्वास मंदावतात.

ज्याला आधीच सवय लागली आहे त्याला आकडा सांगावा. निकोटीन सोडल्यावर चिडचिड, बेचैनी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, मग तीन-चार आठवड्यांत ओसरते. एकेक तलफ काही मिनिटांची असते. तेवढ्यापुरतं पाणी, चणे, बडीशेप, किंवा मैदानाला एक फेरी. आणि १८००-११-२३५६ हा सरकारी तंबाखूमुक्ती क्रमांक फुकट लागतो.