पाण्याच्या आधी निरोप

वैनगंगेला २०२० च्या ऑगस्टअखेर आलेला पूर भंडाऱ्यापासून वडशापर्यंतच्या पट्ट्यात लोक अजून तारखेनिशी सांगतात. धानाची रोवणी आटोपली होती, बांध्या हिरव्या झाल्या होत्या आणि २९-३० ऑगस्टला नदी गावात शिरली. आधी भंडारा शहराचा सखल भाग, मग पवनी, लाखांदूर, पुढे ब्रह्मपुरी तालुका आणि वडसा. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या लाडजला चहूबाजूंनी नदीचाच वेढा. तिथली माणसं बोटींनी बाहेर काढावी लागली. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचे ३३ च्या ३३ दरवाजे उघडे होते. पण हा पूर आणणारा मुख्य पाऊस इथला नव्हता. तो पडला होता वर, मध्य प्रदेशात, सिवनी, छिंदवाडा आणि बालाघाटच्या बाजूला.

वैनगंगा उगम पावते सिवनी जिल्ह्यातल्या मुंडाऱ्याजवळ. सातपुड्यातून मोठा वळसा घेऊन ती बालाघाटवरून गोंदिया-भंडाऱ्यात उतरते. तिच्यावरचं वरचं मोठं धरण म्हणजे भीमगडचं संजय सरोवर. दुसऱ्या अंगाने छिंदवाड्याकडून पेंच येते, ती कन्हानला मिळते आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत उतरते. पुढे चपराळ्याजवळ वर्धा येऊन मिळाली की नदीचं नाव प्राणहिता होतं आणि सिरोंचाजवळ ती गोदावरीत जाते. गोदावरीच्या एकूण खोऱ्याचा तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त भाग एकट्या प्राणहितेच्या वाट्याचा आहे. वर मध्य प्रदेश, मध्ये विदर्भ, खाली तेलंगण, पूर्वेच्या कडेला थोडा छत्तीसगड. नदी एक, पण तिच्या दरवाज्यांच्या किल्ल्या वेगवेगळ्या कार्यालयांत.

ऑगस्टअखेरचा पूर जास्त घातक का, हे धरणाच्या वेळापत्रकात दडलेलं आहे. पावसाळा सरताना धरण भरलेलं असावं ही अभियंत्याची इच्छा असते, आमदाराची तर त्याहून जास्त. त्यासाठी जलाशय परिचालन सूची असते: कोणत्या तारखेला पाणी कोणत्या पातळीपर्यंत राखायचं याचा तक्ता. जुलैत धरणात जागा असते, तेव्हाचा मोठा पाऊस ते पोटात घेतं. ऑगस्टच्या शेवटी तक्त्याप्रमाणेच धरण भरत आलेलं असतं. त्या वेळी दोन दिवस झड लागली, तर जेवढं पाणी वरून येईल जवळपास तेवढं खाली सोडावं लागतं. मग एकाच आठवड्यात दोन उपनद्यांवरची धरणं दरवाजे उघडतात आणि दोन्हीकडच्या लाटा एकाच सुमारास संगमावर आल्या, तर खालच्या गावांना बेरीज भोगावी लागते. एक लाट बारा तास आधी निघून गेली असती तर तेवढंच पाणी कमी उंचीने वाहून गेलं असतं. दुसऱ्या धरणाने काय सोडलं आहे हे ठाऊक नसेल तर हे बारा तास कोणी राखायचे?

इथे नदीचं शास्त्र माणसाच्या बाजूचं आहे. पूर म्हणजे फक्त पाणी पुढे सरकणं नव्हे. पाण्याची उंचीही लाटेसारखी पुढे जाते, आणि रुंद पात्रात ही लाट पाण्याच्या स्वतःच्या वेगाच्या साधारण दीडपट वेगाने धावते. तरीही तिचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या आसपास धरला, तर तासाला सात किलोमीटर होतात. शंभर किलोमीटरला चौदा तास. फोन लागायला दहा सेकंद. म्हणजे सिवनीत दरवाजा उचलल्यापासून भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला मोटरपंप काढायला, जनावरं सोडायला, धानाची पोती माळ्यावर चढवायला वेळ निसर्गानेच दिलेला असतो. तो वेळ कुठे खर्ची पडतो, हाच खरा प्रश्न.

निरोप येतच नाही असं नाही. तो येतो ‘इतके क्युमेक विसर्ग’ या रूपात. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला हजार लिटर, हे पाटबंधारेवाल्याला कळतं. गावात मात्र विचारतात, भंडाऱ्याजवळच्या कारध्याच्या पुलावर पाणी किती चढणार आणि माझी बांधी बुडणार का. विसर्गाच्या आकड्यावरून पातळीचा अंदाज बांधता येतो. केंद्रीय जल आयोगाची मापन केंद्रं या खोऱ्यात वर केवलारीपासून खाली पवनी, आष्टी, टेकड्यापर्यंत आहेत. वरच्या केंद्रावर इतकं पाणी असेल तर खालच्या केंद्रावर किती तासांनी किती मीटर, हे जुन्या नोंदींवरून काढलेलं गणित आजकाल साध्या संगणकावर चालतं. उरतं ते एवढंच, की हा अंदाज ‘गावाचं नाव, वेळ, फूट’ अशा भाषेत कोतवालाच्या मोबाईलवर पोचावा.

ही व्यवस्था बांधायची कोणी? आपल्या संसदेने १९५६ साली दोन कायदे केले. एक आंतरराज्य पाणीतंट्यांचा, दुसरा नदी मंडळांचा. पहिल्याखाली लवाद नेमले गेले: गोदावरीचा बच्छावत लवाद १९६९ साली नेमला गेला आणि १९८० साली त्याचा निवाडा आला. दुसऱ्या कायद्याखाली आजवर एकही नदी मंडळ स्थापन झालेलं नाही. भांडण सोडवायची सोय वापरात आली, भांडण होऊ नये म्हणून एकत्र बसायची सोय कागदावर राहिली. तरी गोदावरीचा निवाडा वाचण्याजोगा आहे, कारण त्याचा मोठा भाग राज्यांनी आपसांत केलेल्या करारांवरच उभा आहे. बसले की जमतं, हे दिसतं त्यातून. फक्त ते करार कोणी कुठपर्यंतचं पाणी वापरायचं, कुठे किती टीएमसी (अब्ज घनफूट), यांचे आहेत. वाटणी वर्षाच्या हिशेबाने केली. पूर तासांत येतो आणि घाण रोजच्या रोज येते.

घाणीकडे येऊ. इथे नागपूरकरांना थोडं टोचेल. छिंदवाड्यातल्या चौराईजवळ पेंचवर मध्य प्रदेशाने माचागोरा धरण बांधलं. पेंचच्या पाण्याचा दोन राज्यांतला करार १९६४ चा, त्यामुळे त्यांनी आपल्या वाट्याचं अडवणं बेकायदा नव्हतं. पण खाली नागपूरला पाणी पुरवणाऱ्या तोतलाडोह धरणात येणारं पाणी घटलं आणि २०१९ च्या जुलैत, पावसानेही दडी मारली तेव्हा, नागपुरात दिवसाआड नळ येऊ लागला. वरच्याने अडवलं की खालच्याचं काय होतं, यावर तेव्हा शहरात पुष्कळ बोललं गेलं. ते सगळं खरंच होतं. पण त्याच पेंचचं पाणी वापरून झालं की नागपूर ते नाग आणि पिवळी नदीत सोडतं, तिथून ते कन्हानमध्ये, मग आंभोऱ्याला वैनगंगेत आणि शेवटी गोसीखुर्दच्या जलाशयात जातं. म्हणजे छिंदवाड्याच्या तुलनेत नागपूर खालचं आणि भंडाऱ्याच्या तुलनेत वरचं. तक्रार करताना आपण खालचे असतो, सोडताना वरचे.

सांडपाणी नदीचं नेमकं काय करतं? त्यातलं सेंद्रिय द्रव्य सूक्ष्मजीव खातात आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. तीस अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो; विदर्भाच्या मे महिन्यात त्याहूनही कमी. घरगुती सांडपाणी शुद्ध न करता सोडलं, तर त्याच्या एका लिटरला कुजण्यासाठी साधारण दोनशे मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. भागाकार करा: एक लिटर सांडपाणी पंचवीसेक लिटर स्वच्छ नदीचा श्वास संपवतं. वाहती नदी खडकांवर आपटत, हवेशी मिसळत हा तोटा भरून काढते. जलाशयात पाणी थांबतं, भरून काढणं मंदावतं आणि बहुतेक माशांना लागणारा चार-पाच मिलिग्रॅमचा साठा सर्वांत आधी तळाशी संपतो.

शुद्धीकरण केंद्रामुळे हा भाग बराच सुटतो. नागपुरात भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला देतात, हे देशात लवकर झालेल्या चांगल्या कामांपैकी एक. नाग नदीसाठी केंद्राने १,९०० कोटींहून अधिक खर्चाची योजनाही मंजूर केली आहे. (पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था नीरी १९५८ पासून याच शहरात आहे, हे जाता जाता.) पण साधं शुद्धीकरण कुजणारा माल काढतं, विरघळलेला नायट्रोजन आणि फॉस्फरस पुष्कळसा तसाच पुढे जातो. ते पिकाचं खत आहे, तसंच जलपर्णीचंही. आपल्याकडे तिला इकॉर्निया म्हणतात. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती अनुकूल पाण्यात दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. आज एक एकर असेल तर अडवलं नाही तर चार महिन्यांत अडीचशे एकर. ती पाण्यावर पसरली की खाली ऊन पोचत नाही, पाण्यातली शेवाळं प्राणवायू बनवत नाहीत आणि ढिवरांचे, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाचे, डोंगे पुढे सरकत नाहीत, जाळी टाकायला जागा उरत नाही. मासेमारी सोसायटीच्या लोकांनी ती काढायची आणि तिला खायला नागपूरने घालायचं, असा हा व्यवहार आहे.

या सगळ्यात पूर्व विदर्भाकडे एक जुनं उत्तर आहे, ते पाण्याइतकंच कागदावरही आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत (मालगुजार म्हणजे गावाचा सारा वसूल करणारा जमीनदार). गावात त्यांना मामा तलावच म्हणतात. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने यांतले पुष्कळ बांधले. उतारावर एकाखाली एक: वरच्याचा सांडवा वाहिला की पाणी खालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, तिथून पुढच्या तलावात. अशा साखळीत वरच्या गावाने सांडव्याची उंची वीतभर वाढवली तरी खालचं गाव कोरडं पडतं. म्हणून मालगुजारीच्या काळात ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या दप्तरात हे लिहून ठेवलेलं असे: कोणत्या तलावाचं पाणी कोणाच्या बांधीला, गाळ कोणी काढायचा, मासे आणि शिंगाडा कोणाचा, जनावरांसाठी किती राखायचं. मालगुजारी न्यायाची होती असं मी म्हणणार नाही. वरच्या जातीचा आणि मालगुजाराचा शब्द त्यात आधी चाले. पण खालच्या माणसाचा हक्क कागदावर नोंदवलेला होता. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, मोठे पाटबंधारे खात्याकडे आणि लहान जिल्हा परिषदेकडे गेले. हक्काच्या पाण्यावर कर आला आणि देखभालीत गावाचा हात राहिला नाही. तलावांत गाळ साचला आणि बेशरम हे झुडूप माजलं. अलीकडे काही गावांत ढिवरांच्या सोसायट्यांनी बेशरम उपटून, गाळात चिखलणी करून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि त्यांच्या आडोशाला स्थानिक मासे परतले. शेतकरी पाणी मागतो, ढिवर पाणी राखायला सांगतो. दोघे एका सभेत बसल्याशिवाय तलाव चालत नाही, हे तिथे कोणाला शिकवावं लागत नाही.

चंद्रपूरची गोष्ट वेगळ्या लेखाची आहे. इरई आणि वर्धा नद्यांकाठच्या कोळसा खाणी, मातीचे ढिगारे, वीजकेंद्राची राख यांतलं पाणी शेवटी प्राणहितेतच उतरतं, एवढंच इथे पुरे.

सिरोंचा मात्र टाळता येत नाही. प्राणहिता गोदावरीला मिळाल्यावर थोडं खाली तेलंगणाने मेडीगड्डा बॅरेज बांधलं, ८५ दरवाज्यांचं. त्यासाठी महाराष्ट्र आणि तेलंगण यांनी २०१६ च्या ऑगस्टमध्ये करार केला. पाणी १०० मीटर पातळीपर्यंत अडवायचं ठरलं. बॅरेजचं २०१९ मध्ये उद्घाटन झालं. आता नालीच्या तोंडाशी पालापाचोळा अडकला की मागे दारापर्यंत पाणी चढतं, तसंच इथे होतं: खाली पातळी वाढली की वरच्या पात्राचा उतार कमी होतो, उतार कमी झाला की वेग कमी, आणि तेच पाणी जायला जास्त उंची घेतं. शिवाय नाल्यांचं पाणी नदीत उतरायच्या ऐवजी शेतात थांबतं. म्हणून बॅरेजची अधिकृत पातळी १०० मीटर असली तरी पुराच्या वेळी काही किलोमीटर वर ती त्याहून जास्त असणार. २०२२ च्या जुलैतल्या महापुरात सिरोंचा तालुक्यातली शेतं पाण्याखाली गेली आणि शेतकऱ्यांनी बॅरेजकडे बोट दाखवलं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बॅरेजचे काही खांब खचले, त्यानंतर दरवाजे उघडे ठेवावे लागले. करार करताना सिरोंच्याच्या शेतकऱ्याला पुराच्या वेळची पातळी नकाशावर दाखवली असती, तर त्याने कोणते प्रश्न विचारले असते याचा अंदाज करणं अवघड नाही.

आता हे खोरं आणखी लांबणार आहे. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली: गोसीखुर्दचं पाणी सुमारे ४२७ किलोमीटरच्या कालव्याने नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला ओलांडत बुलढाण्यापर्यंत. बुलढाण्याची नळगंगा पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला. म्हणजे एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात. पश्चिम विदर्भाला पाणी हवंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण कालवा फक्त पाणी नेत नाही. गोसीखुर्दमध्ये विरघळलेला नायट्रोजन-फॉस्फरस त्याच्यासोबत जाईल आणि इकॉर्नियाचं बीही जाईल, जे चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहू शकतं. वाटेतल्या साठवण तलावांत पाणी थांबेल, तिथे त्याला ऊनही मिळेल. तेव्हा नागपूरच्या शुद्धीकरण केंद्रातून काय बाहेर पडतं, याची मासिक आकडेवारी भंडाऱ्याच्या जिल्हा परिषदेबरोबर मोताळा आणि मलकापूरच्या पंचायत समित्यांनीही आतापासूनच मागवायला हवी.